तीन सायकली आणि एक हॅचबॅक: गाडीसाठी रॅक निवडण्याचं एक प्रकरण

माझा मावसभाऊ पुण्यात कोथरूडला राहतो. दादा, वहिनी आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी. तिघांच्या तीन सायकली, गाडी मात्र एकच, तीही हॅचबॅक. त्यांचा बेत साधा होता. रविवारी पहाटे सायकली गाडीवर घालून वाई गाठायची, मेणवली-धोमकडच्या रस्त्यावर मुलीला आणि वहिनींना निवांत चालवू द्यायचं आणि दादाने एकट्याने पसरणी घाट चढून पाचगणीला जाऊन यायचं. घरापासून सायकलने निघणं मुलीच्या बाबतीत शक्यच नव्हतं. नवले पुलापासून शिरवळपर्यंतच्या ट्रकांच्या रांगेत अकरा वर्षांच्या पोरीला कोणी घालणार नाही. मुंबईच्या दिशेला जायचं म्हटलं तरी यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. म्हणजे सायकली गाडीने न्यायच्या हे पक्कं होतं, कशा न्यायच्या एवढंच ठरायचं होतं.

दादाने डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा, तीन सायकली धरणारा रॅक जवळजवळ ठरवला होता. किंमत आवाक्यातली, गाडीला भोक पाडायला नको, काम झालं की घडी घालून माळ्यावर. पैसे भरण्याआधी त्याने मला विचारलं, "हा रॅक चांगला आहे ना?"

या प्रश्नाचं उत्तर रॅककडे बघून देता येत नाही. एकच रॅक एका गाडीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्या गाडीवर पहिल्याच घाटात सैल होतो. म्हणून मी त्याला उलट दोन गोष्टी विचारल्या. वजन गाडीच्या नेमक्या कोणत्या भागावर येणार? आणि सायकलचा नेमका कोणता भाग पकडला जाणार? याची उत्तरं मिळेपर्यंत किंमत, कंपनी, रंग यांपैकी कशावरच बोलायचं नाही असं ठरवून आम्ही टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो.

मोजमाप

गाडीची रुंदी १७३५ मिलिमीटर, उंची १५३० मिलिमीटर. टप मोकळा, त्यावर लांबीच्या रेल नाहीत. मागच्या काचेच्या वर एक स्पॉइलर, जो गाडी घेताना दुकानातून वेगळा बसवून घेतलेला होता. स्टेपनी डिकीच्या तळाशी. मागची सीट ६०:४० अशी दोन भागांत दुमडणारी.

दादाची सायकल रोड बाइक. कार्बनची फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे १२ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा, फिरवून आवळायचा दांडा), वजन साडेआठ किलो, टायरच्या टोकापासून टोकापर्यंत १६७ सेंटिमीटर. वहिनींची हायब्रिड ॲल्युमिनियमची, चढायला सोपी म्हणून खाली उतरत्या नळीची, पुढचं चाक क्विक रिलीजचं (पान्याशिवाय, लिव्हर उघडून निघणारं), मडगार्ड आणि कॅरियरसकट १३ किलो, लांबी १७६ सेंटिमीटर. मुलीची २४ इंची, साडेबारा किलो. लहान मुलांच्या सायकली वजनाने हलक्या असतात असा सर्वांचा समज असतो. ही त्या घरातल्या सर्वांत महागड्या सायकलीपेक्षा चार किलोने जड निघाली.

तिन्ही मिळून ३४ किलो. पट्ट्यांचे रॅक बहुतेक वेळा सायकलमागे १५ किलो धरून बनवलेले असतात, त्यामुळे वजनाच्या हिशोबात दादाचा रॅक बसत होता. खरी अडचण वजनाची नव्हती.

डिकीवरचा रॅक का बाद झाला

या रॅकचं सगळं वजन डिकीच्या दाराच्या कडेला अडकवलेल्या हुकांवर आणि दारावर टेकलेल्या रबरी पायांवर येतं. वरचे हूक दाराच्या वरच्या धातूच्या कडेत बसायला हवेत. दादाच्या गाडीत त्या जागी स्पॉइलर होता. बाहेरून चिकटवलेल्या किंवा दोन स्क्रूंवर बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर ३४ किलोचा ताण द्यायचा नसतो, आणि पट्टा तिच्यावरून ओढून घेतला तर तो तिला दाबत राहतो. स्पॉइलर काढून टाकला असता तर हूक बसले असते. म्हणजे या एका कारणाने रॅक बाद होत नव्हता.

दुसरं कारण सायकलींचं. या रॅकला दोन हात असतात आणि सायकल वरच्या नळीने त्यांवर टांगायची असते. वहिनींच्या सायकलीला तशी आडवी नळीच नाही. त्यासाठी सीटची दांडी आणि हँडलचा दांडा यांच्यामध्ये लावायचा एक वेगळा आडवा बार मिळतो. तोही घेता आला असता. दादाच्या सायकलीचं मात्र मला पटेना. कार्बनची नळी उभा भार उत्तम पेलते, पण एका जागी आवळली किंवा तिथे सतत घासली गेली तर ती आतून खराब होते आणि बाहेरून दिसत नाही. तीन सायकली एकमेकींना खेटून टांगल्यावर मधल्या सायकलीचं पॅडल शेजारणीच्या फ्रेमवर शंभर किलोमीटर घासत जातं. फोमच्या नळ्या गुंडाळून, पॅडल काढून, हँडल वळवून ते कमी करता येतं. दर रविवारी पहाटे साडेचारला हे सगळं करायचं का, हा विचार करावाच लागतो.

तिसरं कारण लांबीचं, आणि याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. मागे आडवी टांगलेली सायकल गाडीच्या रुंदीत बसली पाहिजे. गाडी १७३.५ सेंटिमीटर, वहिनींची सायकल १७६. अगदी मधोमध टांगली तरी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा सेंटिमीटर बाहेर, आणि प्रत्यक्षात मधोमध कधीच टांगली जात नाही, कारण हँडल आणि पॅडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून सायकली आलटून-पालटून सरकवाव्या लागतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये पोटकलम (१ए) आलं. गाडीच्या बाजूंच्या बाहेर येणाऱ्या किंवा पुढे, मागे, उंचीला परवानगीपेक्षा जास्त जाणाऱ्या सामानासाठी २०,००० रुपये दंड आणि सामान उतरवण्याचा खर्च अशी त्यात तरतूद आहे. दंड बाजूला ठेवला तरी रस्त्यावरची गोष्ट उरतेच. गाडी चालवणाऱ्याला आपल्या आरशांच्या रुंदीचा अंदाज असतो, मागून बाहेर आलेल्या टायरचा नसतो. २९ इंची चाकांची माउंटन बाइक तर १८५ सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून लांब भरते. छोट्या गाडीमागे ती पुढचं चाक काढल्याशिवाय टांगूच नये.

शेवटचं कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं. तीन सायकली मागे लावल्या की नंबर प्लेट झाकली जाते, दोन्ही मागचे दिवे चाकांआड जातात आणि काचेच्या वरचा तिसरा ब्रेकचा दिवाही दिसत नाही. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढावा लागतो. पहाटे, धुक्यात, ट्रकांच्या मधोमध. मागच्या ट्रकवाल्याला आपला ब्रेकचा दिवा दिसला नाही तर रॅक कितीही भारी कंपनीचा असून उपयोग नाही. युरोपात यासाठी रॅकच्या मागे वेगळी दिव्यांची पट्टी लावतात, तिला गाडीच्या वायरिंगमधून वीज मिळते आणि तिच्यावर नंबर प्लेटचीही सोय असते. आपल्याकडे २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट असते. घरी छापलेली दुसरी प्लेट सायकलींवर बांधली की झालं, असं इथे चालत नाही.

आणि स्टेपनी! हायवेवर पंक्चर झालं तर तिन्ही सायकली उतरवायच्या, रॅक सोडवायचा, डिकी उघडायची, सामान बाहेर काढायचं, मग स्टेपनीला हात लागणार. मुलगी तेवढा वेळ रस्त्याच्या कडेला उभी. हे ऐकल्यावर वहिनींनीच तो रॅक नको म्हणून सांगितलं.

या प्रकारावर माझा सरसकट राग नाही. सेडान गाडी, डिकीला भक्कम धातूची कड, दोन हलक्या ॲल्युमिनियमच्या सायकली आणि दिवे उघडे राहतील इतकी उंच मांडणी असेल तर तो छान काम देतो. हूक बसवायच्या आधी ती कड ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर धुळीचे कण रंगात रुततात. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येणार नाही हे बघायचं, कारण गरम धुराने रबर वितळतं आणि कार्बनची रिमही खराब होते. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे. नायलॉनच्या दोरीने बांधलेल्या, प्रत्येक गतिरोधकावर डुलणाऱ्या सायकली हायवेवर दिसतात तेव्हा मात्र माझा जीव खालीवर होतो. सुटलेली सायकल मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाते.

टोइंगच्या हुकावरचा (हिच) रॅक

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मित्रांना विचारलं की ते हाच सुचवतात, आणि त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. गाडीच्या चासीला जोडलेल्या दोन इंची चौकोनी नळीत रॅक घुसवायचा, सायकली चाकांवर उभ्या करायच्या. उंच उचलायला नको, फ्रेमला हात लावायला नको, डिकीही उघडता येते. पण आपल्याकडच्या हॅचबॅकला ती नळी कारखान्यातून येत नाही. बाहेरच्या गॅरेजमध्ये ती वेल्डिंग करून किंवा बोल्ट मारून बसवायची म्हणजे गाडीच्या सांगाड्यात बदल करायचा. कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. वॉरंटीचा आणि अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. दादाच्या बाबतीत यावर जास्त वेळ घालवला नाही. थारसारख्या, मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांसाठी त्या चाकावर बसणारे रॅक मिळतात, त्यांचाही इथे संबंध नव्हता.

व्हॅक्युम कपांवर टपाला चिकटणारे रॅकही दादाने शोधून ठेवले होते. मे महिन्यात तापलेला पत्रा, सततची धूळ आणि सोबत लहान मूल. मी नको म्हटलं.

टप

टपावर वजन कुठे येतं हे नीट समजून घ्यायला हवं. बऱ्याच नव्या गाड्यांवर दिसणाऱ्या चंदेरी-काळ्या रेल नुसत्या शोभेच्या असतात, प्लास्टिकच्या आणि चिकटवलेल्या. मॅन्युअलमध्ये वजनाचा आकडा दिलेला नसेल तर त्या शोभेच्याच समजाव्यात. दादाच्या टपावर काहीच नसल्याने हा गोंधळ नव्हता. अशा गाडीसाठी दारांच्या चौकटीत चिमट्यासारखे बसणारे क्रॉसबार, म्हणजे टपावरचे आडवे दांडे, येतात. त्यांचे पाय प्रत्येक मॉडेलच्या टपाच्या वळणाप्रमाणे वेगळे असतात. "सगळ्या गाड्यांना बसतो" असं लिहिलेला बार घेऊ नये, त्या गाडीचं नाव आणि वर्ष घालून जो पायांचा संच मिळतो तोच घ्यावा.

त्यांच्या मॅन्युअलमध्ये टपाची मर्यादा ५० किलो होती. हा आकडा सायकलींचा नसतो, टपावरच्या सगळ्या सामानाचा असतो, बार आणि सायकल ठेवायचे ट्रे धरून. आम्ही बेरीज केली. दोन क्रॉसबार पाच किलो, दोन ट्रे सहा किलो, पुढचं चाक काढलेल्या दोन सायकली १८ किलो. एकूण २९. तिसरी सायकल आणि तिसरा ट्रे धरला तरी आकडा मर्यादेत राहत होता, पण हँडल एकमेकांवर आपटल्याशिवाय तिसरा ट्रे त्या अरुंद टपावर मावत नव्हता.

ट्रे दोन तऱ्हांचे. एकात सायकल दोन्ही चाकांवर उभी राहते आणि एक हात फ्रेमची खालची नळी पकडतो. दुसऱ्यात पुढचं चाक काढून फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) एका कुलपात अडकवतात, मागचं चाक पट्ट्याने बांधतात. दादाची फ्रेम कार्बनची, वहिनींची नळी वाकडी. दोघांसाठी दुसराच प्रकार योग्य होता, कारण तो फ्रेमला हातच लावत नाही. दादाच्या सायकलीच्या मॅन्युअलमध्ये फोर्कने बांधायला मनाई नाही ना, हे आधी बघितलं. काही कार्बनच्या फोर्कना असते. वहिनींच्या क्विक रिलीजला ट्रे जसाच्या तसा बसला, दादाच्या १२ मिलिमीटरच्या थ्रू-ॲक्सलसाठी जोडतुकडा वेगळा मागवावा लागला. इथे घाई करून चालत नाही. १५ मिलिमीटरचा ॲक्सल असेल तर त्याचा जोडतुकडा वेगळा, आणि त्यातही रुंदी १०० की ११० हे बघावं लागतं.

एक गोष्ट वहिनींनी काढली आणि तिच्यामुळे निर्णय बदलला. "भाऊजी, हे नसले तर मी ती सायकल वर कशी चढवणार?" टपाची उंची दीड मीटर, ट्रे त्याच्याही वर. वहिनींची उंची पाच फूट. तेरा किलोची सायकल खांद्याच्या वर उचलून, तिथे धरून ठेवून, एका हाताने कुलूप लावायचं. रॅकच्या जाहिरातीत हे काम नेहमी सहा फुटी माणूस करताना दिसतो. आमच्या घरांत गाडी काढणारी व्यक्ती अनेकदा पाच फुटांची असते, हे रॅक घेताना धरायलाच हवं.

मग ठरलं काय

मी विचारलं, तिघं मिळून किती वेळा जाणार? उत्तर आलं, महिन्यातून फार तर एकदा. बाकीच्या वेळी दादा एकटा, किंवा वहिनी आणि मुलगी.

तर मग बाकीच्या वेळी रॅक हवाच कशाला? मागची पूर्ण सीट दुमडली की एक रोड बाइक फक्त पुढचं चाक काढून आत जाते. वहिनी आणि मुलगी असतील तर मुलगी पुढच्या सीटवर बसते आणि दोन्ही सायकली चाकं काढून मागे झोपतात, मध्ये जुनी गोधडी. चेन असलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे डिरेल्युर (गिअर बदलणारा भाग) दबत नाही आणि सीटच्या कापडाला तेल लागत नाही. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा अडकवायचा. नाहीतर गडबडीत ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि वाईत पोचल्यावर डिस्क आत जाईना होते. आत ठेवलेली सायकल चोरी, पाऊस, उंची, दंड या सगळ्यांतून सुटते. शिवाय त्यात पैसे जात नाहीत.

तिघं जातील तेव्हा टपावर दोन सायकली, आणि मुलीची २४ इंची चाकं काढून मागच्या सीटचा ६० चा भाग दुमडून आत. मुलगी ४० च्या सीटवर, तिचा पट्टा लावून. टपावर चढवायची वेळ येईल तेव्हा दादा सोबत असणारच, त्यामुळे वहिनींना एकटीने उचलावी लागणार नाही. क्रॉसबार आणि दोन फोर्कचे ट्रे हे सगळं पट्ट्यांच्या रॅकच्या कितीतरी पट महाग पडलं, हे खरं. दादाला तो खर्च सुरुवातीला जड वाटला. पण साडेआठ किलोच्या त्या सायकलीची किंमत त्याला माहीत होती.

बसवताना आणि रस्त्यावर

बार बसवण्याआधी दारांच्या चौकटी आणि रबर धुऊन कोरडे केले. पुढच्या आणि मागच्या बारमधलं अंतर पुस्तिकेत दिलेलं तेवढंच ठेवलं. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे करत आवळले, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं केलं तर बार तिरका बसतो. नंतर बार धरून जोरात हलवला. बार हलला तर काम अर्धवट आहे, बारबरोबर सगळी गाडी हलली तर ठीक.

सायकलवरून पंप, बाटल्या, दिवे, कॉम्प्युटर, सीटखालची पिशवी सगळं काढलं. वहिनींना पावसाची भीती होती म्हणून त्यांनी प्लास्टिकचं आच्छादन शिवून आणलं होतं. ते वापरू दिलं नाही. ताशी ८० च्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि सगळा ओढा फोर्कच्या कुलपावर येतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० ला गेलो की तो पावणेदोन पटींहून जास्त होतो, ८० वरून १०० ला गेलो की पुन्हा दीड पटीच्या वर. म्हणून टपावर सायकली असताना ८० च्या पुढे जायचं नाही हा नियम घरात ठरला. पेट्रोलही वाचतं, आणि मोकळ्या पुलांवर आडवा वारा आला तर गाडी ताब्यात राहते.

उंचीचं भान ठेवणं सर्वांत अवघड. सगळं चढवल्यावर जमिनीपासून वहिनींच्या सायकलीच्या सीटच्या टोकापर्यंत २ मीटर ६१ सेंटिमीटर भरलं. सोसायटीच्या पार्किंगची तुळई २ मीटर २० वर. त्यामुळे सायकली नेहमी गेटबाहेर रस्त्यावर चढवायच्या आणि परतल्यावर आत शिरण्याआधी तिथेच उतरवायच्या. मॉलची तळघरं, हॉटेलचे पोर्च, उंची अडवणारे लोखंडी दांडे, सगळीकडे तोच धोका. थकून परतताना माणूस हे हमखास विसरतो. मुलीने आकडा जाड अक्षरांत लिहून स्पीडोमीटरखाली चिकटवला आणि गेट आलं की मोठ्याने आठवण करण्याचं काम स्वतःकडे घेतलं. सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईकडे वळल्यावर वडांच्या फांद्या आणि पारंब्या रस्त्यावर येतात, तिथे कडेने न जाता मधून, सावकाश जायचं हेही तिनेच लक्षात ठेवलं.

पहिल्या फेरीत शिरवळला चहाला थांबलो तेव्हा वहिनींच्या मागच्या चाकाचा पट्टा एक घर सैल सापडला. तो ओढला. खंबाटकी उतरल्यावर पुन्हा पाहिलं, जागचा हलला नव्हता. बारमधून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. पुढच्या बारच्या खोबणीत रबरी पट्टी पूर्ण सरकवल्यावर तो थांबला. वाईत उतरून दोन्ही पुढची चाकं लावायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लावल्यावर ब्रेक दोनदा दाबून, चाक फिरवून, ॲक्सल पुन्हा आवळून मगच चालवायला घेतली.

एक गोष्ट अजून उघडी आहे. मुलगी वाढते आहे. वर्ष-दोन वर्षांत तिला मोठ्या चाकांची सायकल लागेल आणि ती तिच्यासकट मागच्या सीटवर मावणार नाही. तेव्हा दोन वाटा असतील. दादाची सायकल दोन्ही चाकं काढून मऊ पिशवीत घालून आत, आणि टपावर मायलेकींच्या. किंवा गाडीच बदलायची. नवी सायकल निवडताना तिचं पुढचं चाक क्विक रिलीजचं असेल तर आताचा ट्रे तसाच चालेल. सायकलच्या दुकानात जाताना हे लिहिलेली चिठ्ठी दादाने बरोबर न्यायची आहे.